डाव्या वळणाची गोगलगाय

माझ्या थोरल्या बहिणीने चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी तोंड उघडलं ते तिच्या लेकीने.

"कुठल्या विद्यापीठात?"

ताईने सांगितलं.

"म्हणजे माझ्याच? आई, प्लीज. कॅन्टीनमध्ये दिसलीस तर ओळख दाखवू नकोस."

"नाही दाखवत. पण स्वतःची छत्री विसरून माझी मागायला आलीस, तर मीही तुला ओळखणार नाही."

भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. बोलायला कमी, पण बोलले की आपल्या धंद्यातलंच बोलणार. ते म्हणाले, "अडकलेल्या माणसाला काढायचं तर आधी लिफ्ट कुठल्या दोन मजल्यांमध्ये अडकलीय ते बघावं लागतं. तू नक्की कुठे अडकलीयेस?"

ताईकडे उत्तर तयार होतं. ती बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होती. त्या वर्षी दोन शाळा एकत्र केल्या, आणि विज्ञानाच्या एका तासाला दोन बाई झाल्या. ताईला ऑफिसातली खुर्ची देऊ केली. पगार तोच, काम म्हणजे दाखल्यांवर शिक्के मारायचे. तिने नाही म्हटलं. मी तिला समजवायला गेले. मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. मला बसून पगार मिळणार असता तर मी शिक्केच काय, पोस्टाची तिकिटंही चिकटवली असती.

"तुला कळत नाहीये," ताई म्हणाली. "दरवर्षी मी पोरांना सांगते, शास्त्रज्ञांनी असा शोध लावला, तसा शोध लावला. शोध लावतात म्हणजे सकाळी उठून नक्की काय करतात, हे मला स्वतःलाच माहीत नाही. एकदा बघायचंय."

तिची पदव्युत्तर पदवी लग्नाआधीची, म्हणजे त्या काळात जनुकांबद्दल जे शिकवत ते आता अर्धं जुनं झालेलं. तिने दिसेल त्या प्रयोगशाळेला ईमेल पाठवली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी गोड बोलून वाटेला लावलं. एकीने एका ओळीत लिहिलं, 'येऊन खोली बघून जा.'

ती उत्क्रांती आणि जनुकशास्त्राची प्रयोगशाळा, जीवशास्त्राच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, कॉरिडॉर संपतो तिथे. अर्धा भाग यंत्रांचा आणि कम्प्युटरचा, स्वच्छ, थंडगार. उरलेल्या अर्ध्या भागाला सगळे गोगलगायखोली म्हणत. तिथे भिंतभर लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर पाण्याचे प्लास्टिकचे टब, टबांत नळ्या सोडलेल्या, हवेचे पंप दिवसभर गुडगुडतायत. वास म्हणाल तर तळ्याचा. प्रत्येक टबाच्या भिंतीला चिकटून तळ्यातल्या गोगलगाई लेट्यूसची पानं कुरतडत असत.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ताईपेक्षा दोन वर्षांनी लहान होत्या. त्यांनी एका टबातून एक गोगलगाय काढून ताईच्या तळहातावर ठेवली.

"टोक वर धरा आणि तोंड स्वतःकडे करा. तोंड कुठल्या बाजूला आलं?"

"उजव्या."

"आता ही धरा."

दुसरीचं तोंड डावीकडे आलं. आरशात बघितल्यासारखी, अगदी उलटी.

"हजारांत एखादीच अशी असते," मॅडम म्हणाल्या. "पण एका तळ्यात अशा पुष्कळ सापडल्या. का, आणि अंड्यात नक्की काय घडतं म्हणून कवच उलटं वळतं, हे आम्ही शोधतोय. ते तळं आता राहिलं नाही. बुजवून गाड्या लावायला जागा केली. जे काही डावं उरलंय ते या खोलीत." मग त्यांनी ताईकडे नीट बघितलं. "माझ्याकडे तेवीस-चोवीसची मुलं येतात. त्यांनाही झेपत नाही. तुम्हाला झेपेल असं का वाटतं?"

"वाटत नाही," ताई म्हणाली. "करून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

मॅडमनी तिला सहा महिने दिले. काम दिसलं तर पीएचडीसाठी रीतसर नोंदणी, नाही तर राम राम.

पहिल्याच दिवशी ताईपुढे वेगळंच संकट उभं राहिलं. तिला हाताखाली घेणारा सीनियर विद्यार्थी हा तिचा शाळेतला विद्यार्थी निघाला. शाळेत असताना त्याचं तोंड क्षणभर बंद नसे, म्हणून ताईनेच त्याला पोपट म्हणायला सुरुवात केली होती. आता त्याला दाढी आली होती, अंगात पांढरा कोट होता, आणि तोंड मात्र तसंच चालू होतं.

"बाई, तुम्ही?" तो ताडकन उभा राहिला. जुनी सवय.

"बस रे. आता मी उभी राहायचं, तू शिकवायचंस."

ताईने ठरवलं होतं, की सगळ्यांसमोर त्याला नावाने हाक मारायची. चौथ्याच दिवशी मीटिंगमध्ये तिच्या तोंडून "पोपट, ती बाटली दे" असं निघून गेलं. खोलीत एकच हशा. त्यानंतर मॅडमसुद्धा त्याला पोपटच म्हणायला लागल्या. "बाई, तुम्ही माझाच पोपट केलात," असं तो आजही म्हणतो.

पण शिकवायला पोपट कडक होता. एका थेंबाचाही शंभरावा भाग मोजून उचलायचं ते पिपेट ताईच्या अंगठ्याला जुमानेना. ती जोरात दाबे, बुडबुडा येई. "बाई, फळ्यावर खडू दाबताय का? हळू." दिवसभर ती नुसतं रंगीत पाणी इकडून तिकडे उचलत होती. घरी आल्यावर तिचा अंगठा सुजलेला. लेकीने विचारलं, "काय शोध लावला?" "पाणी ओलं असतं," ताई म्हणाली आणि बर्फ घेऊन बसली.

मग डीएनए काढायचं काम. बाकीच्या प्राण्यांत ते सोपं असेल. गोगलगाईचा चिकटा भयंकर. डीएनए वेगळा करायला जावं तर तो चिकटाही त्याच्याबरोबर लोंबकळत येतो, आणि पुढच्या यंत्रात काहीच वाचता येत नाही. ताईच्या नळीत दरवेळी शेंबडासारखा गोळा. पोपटाने एकदा करून दाखवलं, दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, हे तुम्ही माझ्यावर सोडा."

"तू परीक्षेला माझ्याकडून पेपर लिहून घेतला असतास का?"

"तुम्ही दिला नसतात."

"मग?"

ती रोज एक गोष्ट बदलून पाहू लागली. कधी पायाचा तुकडा आणखी लहान घेऊन, कधी धुण्याची एक फेरी वाढवून, कधी नळी गरम करायचा वेळ बदलून. वाईट आलं की फेकायचं आणि पुन्हा. कितीतरी दिवसांनी एका संध्याकाळी तिच्या नळीच्या तळाशी पांढरा, स्वच्छ धागा दिसला. पोपटाने तो उजेडात धरून बघितला आणि ताईची कृती स्वतःच्या वहीत उतरवून घेतली.

कम्प्युटरपुढे मात्र ती खरी रडकुंडीला आली. डीएनएची अक्षरं कोट्यवधी. ती डोळ्यांनी नाही, आज्ञा लिहून वाचायची असतात. एक स्वल्पविराम चुकला की काळ्या पडद्यावर लाल ओळी. तिथे तिच्या कामी आली ती लेकच. रात्रीची भांडी आवरली की दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसत. "आई, कंस उघडलास तर बंदही करायचा असतो." "घरातल्या कपाटांची दारं तू बंद करतेस का?" असं भांडत-भांडत ताई शिकली. लेकीने मला हळूच सांगितलं, "मावशी, हिला खरंच कळायला लागलंय. माझ्या मैत्रिणींपेक्षा बरं लिहिते."

सहा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि लांब सुट्टी लागली. इमारत बंद. विद्यापीठाने तेवढ्यात गंजलेले जुने पाइप काढून नवे बसवून घेतले. सुट्टी संपल्यावर सगळ्यांत आधी ताई आली. दार उघडलं तेव्हाच वासात फरक जाणवला, असं ती सांगते.

टबांच्या भिंतींना एकही गोगलगाय नव्हती. सगळ्या तळाशी पडलेल्या, पाय कवचाबाहेर लोंबतायत. ताईने एक उचलली, टोचून बघितलं. दुसरी उचलली. एक एक करत तिने ती सगळी मांडणी तपासली. मग मॅडमना फोन केला.

मॅडम आल्या, नळाखाली वाकल्या आणि तिथेच खाली बसल्या. नवा पाइप तांब्याचा होता, लखलखीत. माणसाला त्याचं काही होत नाही. गोगलगाईला तांब्याचा अंश म्हणजे विष. मांडणीतल्या टबांना पाणी त्याच नळीतून थेंब थेंब जात होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पाइपवाल्यांना गोगलगाईंचं कोण सांगणार, आणि पाइप तांब्याचे येतायत हे मॅडमना कोण सांगणार? डाव्या वळणाची एकूण एक गोगलगाय गेली.

वाचल्या त्या फक्त खिडकीजवळच्या एका टबातल्या. तिथपर्यंत नळी पोचत नव्हती म्हणून त्याला कॅनमधलं साठवलेलं पाणी घालत. त्यात वीसेक बारकी पिल्लं होती, एका जुन्या विद्यार्थ्याने डाव्या आणि उजव्या गोगलगाईंचा संकर केला होता त्याची नातवंडं. सगळीच्या सगळी उजवी.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मॅडमचा आवाज खाली गेलेला होता. "जिवंत गोगलगाई पाळणं बंद करू. फ्रीजरमध्ये डाव्यांचे तुकडे आहेत, त्यातून कम्प्युटरवर जेवढं निघेल तेवढं काढू. अंड्यांचा प्रयोग विसरायचा."

"खिडकीजवळच्यांचं काय?" ताईने विचारलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ताईने ती मला लेट्यूस निवडता-निवडता समजावली होती. या गोगलगाईंत पिल्लाचं कवच डावं वळणार की उजवं, हे पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांवर ठरतच नाही. आईच्या जनुकांवर ठरतं. म्हणजे एखादी गोगलगाय स्वतः उजवी दिसते, कारण तिची आई तशी होती. पण तिच्या आत दोन्ही जनुकं डावी असू शकतात. बाहेरून काही कळत नाही. तिला पिल्लं झाली, की ती सगळी डावी निघतात.

"म्हणजे लेकराला वळण आईचंच," मी म्हटलं होतं.

"अगदी शब्दशः," ताई हसली होती. "आणि ही प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. एकटी ठेवली तरी अंडी घालते."

"सोय आहे. सासर नाही, मेहुणे नाहीत."

तर मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "हो, मलाही माहितीये. कागदावर त्यांच्यातला चौथा हिस्सा डावी पिल्लं देईल. पण सुट्टीभर पाणी बदललं नाही, त्या आजारी आहेत. प्रत्येक वेगळी वाढवायची, एकटी गोगलगाय अंडी फार उशिरा घालते, मग पिल्लांची कवचं दिसेपर्यंत थांबायचं. तोवर निम्म्या मरतील. कोण करणार?"

"मी."

"आणि तुमचं आधीचं काम?"

"तेही करीन."

"तुमची मुदत संपत आलीय. हे फसलं तर नोंदणी ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवायला तुमच्याकडे काहीही नसेल. पोपटाबरोबर कम्प्युटरचं काम घ्या, तिथे काहीतरी हाती लागेल. मी तुमच्याच भल्याचं सांगतेय."

"कळतंय मॅडम. पण मेल्या नाहीत तोवर त्यांना मेलेल्यांत धरायचं नाही."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "वर्षअखेरपर्यंत. खिडकीचा कोपरा तुमचा."

ताईने घरातल्या, माझ्याकडच्या, दवाखान्यातल्या रिकाम्या काचेच्या बरण्या गोळा केल्या. एका बरणीत एक गोगलगाय. पाणी शिळं करून घालायचं, दर सोमवारी आणि गुरुवारी बदलायचं, पान कोवळं द्यायचं. भावजींनी जुन्या लिफ्टच्या पट्ट्या कापून खिडकीत फळी बसवून दिली. "वजन किती पडणार?" त्यांनी विचारलं. "पंचवीस किलो," ताई म्हणाली. "तीनशे पेलेल," ते म्हणाले.

तरी गोगलगाई मरत होत्याच. कधी सकाळी एखादी तळाशी असायची. ताई ती बरणी धुऊन पालथी घालायची, बाकीच्यांना पान द्यायची. मी एकदा विचारलं, "तुला रडू येत नाही?" ती म्हणाली, "येतं. बसमध्ये. बरण्यांपुढे वेळ नसतो."

दिवसा तिचं आधीचं काम चालूच. फ्रीजरमधल्या तुकड्यांतून डीएनए काढ, ते यंत्राकडे पाठव, आलेली अक्षरं वाच. थंडी पडायला लागल्यावर पहिली अंडी दिसली, काचेला चिकटलेली जेलीची पारदर्शक पट्टी, आत ठिपके. सगळी प्रयोगशाळा बघायला आली. पिल्लांची कवचं दिसू लागली: उजवी. दुसरी बरणी: उजवी. तिसरी, चौथी, उजवीच. पोपट सांत्वन करायला गेला, "बाई, गणितात पहिल्या चारही उजव्या येऊ शकतात."

"गणित मलाही येतं रे. धीर दे, आकडे नकोस."

वर्ष सरत आलं. समितीची तारीख लागली. एका रविवारी मी तिच्यासाठी लेट्यूसचा गड्डा घेऊन तिथे गेले होते. इमारतीत आम्ही दोघीच. ताईने एका बरणीतली पट्टी ब्लेडने अलगद सोडवली, बशीत ठेवली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि बघत राहिली. बघतच राहिली.

"काय गं?"

"तू बघ. तोंड कुठे आहे?"

मी डोळा लावला. जेलीच्या थेंबाथेंबांत पिल्लं गरगर फिरत होती, टाचणीच्या टोकाएवढी कवचं. मला आधीच डावं-उजवं पटकन कळत नाही. गाडी शिकवणाऱ्याने माझ्यापुढे हात टेकले होते. "फिरतायत गं सगळ्या. थांबल्या तर सांगीन."

तिने मला बाजूला सारलं. पण आनंदाने उडी मारेल तर ती ताई कसली? आधी तिने शेजारी दुसरी बशी ठेवली, नक्की उजव्या पिल्लांची. दोन्ही एकाच काचेखाली आळीपाळीने बघितल्या. मग लेबल नसलेल्या बश्यांत दोन्हीकडची पिल्लं वेगवेगळी ठेवली आणि पोपटाला फोन लावला. तो झोपेतून उठून, स्वेटर उलटा घालून आला.

"कुठली काय आहे ते मी सांगणार नाही," ताई म्हणाली. "तू बघ आणि लिही."

त्याने एक एक बशी पाहिली, लिहिलं. मग मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने कागद ताईपुढे सरकवला. 

"डावी आहेत, बाई. या तीन बश्यांतली सगळी डावी."

तेव्हा कुठे ती स्टुलावर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या वर्षी वाचलेल्यांपैकी एकूण तिघींनी डावी पिल्लं दिली. चौथीचीही आशा होती. ती अंडी घालायच्या आधीच मेली. समितीतल्या एका सरांनी ताईला विचारलं, "यात नवीन काय? हे तर पुस्तकात आहे." ताई म्हणाली, "पुस्तकात आहे सर, पण खोलीत नव्हतं. आता खोलीत आहे. प्रयोग पुस्तकातल्या गोगलगाईंवर होत नाही." मॅडम खिडकीबाहेर बघत हसू दाबत होत्या. ताईची नोंदणी झाली.

पुढचं सगळं काही सरळ गेलं नाही. डाव्या अंड्यांत आणि उजव्या अंड्यांत कुठली जनुकं जागी होतात, याची तुलना करायला तिला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षीची सगळी माहिती टाकून द्यावी लागली, कारण अंडी गोळा करायची वेळ मागेपुढे झाली होती. एका परिषदेत तिच्या पोस्टरपुढे कुणी थांबलंच नाही. ती शेजारच्या बुरशीवाल्या मुलीशी गप्पा मारून परतली. प्रबंध लिहिताना तिचा चष्म्याचा नंबर वाढला. शेवटी हाती लागलं ते थोडंसं, पण पक्कं: काही मोजकी जनुकं, ज्यांच्यावर आता दुसऱ्या दोन प्रयोगशाळा काम करतायत, आणि त्यांना लागणाऱ्या डाव्या गोगलगाई ताईच्या बरण्यांतून जातात.

पदवी मिळाली त्या दिवशी भावजी कोट घालून आले होते. सभागृहाची लिफ्ट मधेच अडकली, तर कोट माझ्याकडे देऊन तीच दुरुस्त करत बसले, आणि समारंभाला अर्धा तास उशिरा पोचले. ताईला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "निदान लोक तरी सुटले."

पोपट आता दुसऱ्या शहरात आहे, स्वतःची प्रयोगशाळा मांडतोय. गोगलगायखोली ताई सांभाळते. मॅडमनी तिला कायमची जागा मिळवून दिली, आणि नव्या मुलांना तिच्या हाताखाली देतात.

गेल्या महिन्यापासून तिच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. डावी गोगलगाय एका तळ्यात इतकी वाढली, तर दुसऱ्या कुठल्या तळ्यात का नसेल? डोंगरापलीकडे लहान-लहान तळ्यांची रांग आहे. कुणी तिथे शोधलेलं नाही. सगळे तिला सांगतायत, की एवढ्या लांब जाऊन हाती काही लागायचं नाही.

"नाही लागलं तर तिथे नाहीत, हे तरी कळेल," ती म्हणते.

परवा मी गेले तेव्हा ती अंगणात बसून जाळ्यांच्या दांड्यांना पट्टी गुंडाळत होती. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले होते, ते तिला एक नंबर मोठे होत होते. मी म्हटलं, "बदलून घे." ती म्हणाली, "दुकान बंद आहे, आणि गाडी पहाटे सुटते," आणि दोन जोड मोजे चढवून तिने ते घालून बघितले.